चौसोपी वाड्याचा उजेड

पेशवाईतील पुण्याच्या घरांविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात दरवाज्यावरील गणेशपट्टी, सागवानी खांबांवरील केळफुले आणि दिवाणखान्यातील हंड्याझुंबरे यांचे वर्णन हटकून आढळते. परंतु दाट वस्तीच्या पेठेत दोन्ही अंगांनी शेजाऱ्याच्या भिंतीस भिंत लावून उभ्या राहिलेल्या, आणि रस्त्याच्या बाजूला जोते, भिंत व एक भक्कम दरवाजा यांखेरीज काहीच न दाखवणाऱ्या या घरांत कारकुनाला भर दिवसा समई न लावता बारीक मोडीतला जमाखर्च कसा वाचता येत असे, हा साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः वाड्याची सारी मांडणी हेच या प्रश्नाचे उत्तर आहे. समोरचा रस्ता सरकारचा, डावीउजवीकडील जागा शेजाऱ्यांची; निर्वेध आपले म्हणावे असे माथ्यावरचे आभाळ तेवढे होते, आणि म्हणून उजेड मागायचा तो आभाळाकडेच, असा हा सरळ व्यवहार होता. जागेच्या मधोमध जमिनीचा एक तुकडा उघडा ठेवायचा, त्याच्या चहूबाजूंनी सोपे काढायचे आणि घरातील बहुतेक दारे त्या उघड्या तुकड्याकडे वळवायची, की घर तयार झाले.

ही युक्ती मुळात पुणेकरांची नव्हे. मोहेंजोदडोच्या कित्येक घरांची दारे हमरस्त्यावर न उघडता आडगल्लीत उघडत आणि खोल्या आतल्या अंगणाभोवती असत. वराहमिहिराने बृहत्संहितेत सर्वतोभद्र, नंद्यावर्त, वर्धमान, स्वस्तिक आणि रुचक अशा चतुःशाल घरांची लक्षणे नोंदवून ठेवली आहेत. आणि गोमंतकात हेच अंगण तुळशीवृंदावनासह राजांगण म्हणून नांदले. परंतु खेड्यातील ऐसपैस घराला चौक ही एक जादा सोय असते, कारण त्याला परसू असतो आणि भोवती मोकळे रानही असते. पेठेतील घराचे तसे नव्हते. तिथे तीन बाजू बंद आणि चौथी मुद्दाम बंद केलेली, त्यामुळे चौक बुजला तर घर आंधळे होणार हे बांधणारास पक्के ठाऊक होते.

चौथी बाजू मुद्दाम का बंद करावी लागली, याला त्या काळाचा इतिहास साक्षी आहे. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याची पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी, १६,११० रुपये खर्ची पडल्यावर, त्याची वास्तुशांत झाली. पाठोपाठ सरदार, सावकार, फडावरचे कारकून आणि भिक्षुक या शहरात येऊन वसले आणि एकामागून एक पेठा उभ्या राहिल्या. परंतु एवढ्या दौलतीच्या या शहराभोवती पुरा तट असा कधीच झाला नाही. १७६३ साली निजामाच्या फौजेने पुणे लुटले व जाळले. १८०२ च्या दिवाळीत यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेचा मोड केला आणि दुसरा बाजीराव शहर टाकून निघून गेला. शहराला तट नाही म्हटल्यावर ज्याने त्याने आपापल्या घरालाच तट केले. रस्त्याकडील तळमजल्याच्या भिंतीत खिडकी ठेवायची नाही, ठेवलीच तर पुरुषभर उंचीवर आणि लोखंडी गज घालून. दरवाजा लोखंडी खिळ्यांचा, आतून अडसराचा, आणि एरवीच्या वर्दळीसाठी त्याच्या एका फळीत वाकूनच शिरता येईल अशी दिंडी. दिंडीतून आत गेले की देवडी, देवडीत पहारेकरी, आणि देवडीतून चौकात जाण्याची वाट बहुधा सरळ नसून काटकोनात वळलेली, की जेणेकरून दरवाजा उघडा असताही रस्त्यावरील माणसाच्या दृष्टीस समोरची भिंतच पडावी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याने हाच डाव मोठ्या प्रमाणावर खेळलेला आहे. एवढा बंदोबस्त असूनही ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो त्याच भिंतींच्या आत आणि सरकारच्याच पगारी गारद्यांकडून, ही गोष्ट भिंतींवर विसंबणाऱ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

आता त्या उजेडाकडे वळू. वाड्याचे मोजमाप खणावर चाले. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर, सामान्यतः पाच-सहा फुटांचे, आणि ते ठरे सागाच्या तुळईला पेलवणाऱ्या भारावरून. तेव्हा घर सात खणी आहे की नऊ खणी, एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला मालकाच्या ऐपतीची अटकळ येई. काळ्या पाषाणाचे घडीव जोते, त्यावर दगडी तळखड्यांत रोवलेले खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, आणि या लाकडी सांगाड्यात खालच्या अंगाला दगड व वर विटा भरून केलेल्या भिंती, अशी ही बांधणी. भार खांबांवर असल्यामुळे चौकाच्या बाजूस भिंतीची गरजच उरत नसे, आणि हीच त्या बांधणीची खरी खुबी. बाहेरच्या बाजूस दीड-दोन हात जाडीची मुकी भिंत आणि आतल्या बाजूस, महिरपींखाली, पूर्ण उघडा सोपा, हे एकाच छपराखाली शक्य झाले ते लाकडामुळे.

वीस फूट लांबरुंद चौक आणि त्याभोवती वीस फूट उंचीचा दुमजली वाडा घ्या. पुण्याचे अक्षांश साडेअठरा. त्यामुळे मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैअखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि चौकातील तुळशीवृंदावनाची सावली त्याच्याच पायाशी गोळा होते. उलट डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांपर्यंतच चढतो, दक्षिणेकडील पाखाडीची सावली अठरा फूट लांब पडते, आणि उत्तरेच्या सोप्यापुढे जेमतेम दोन फुटांची उन्हाची पट्टी शिल्लक राहते. हिवाळ्यात घरातील वडीलधारी मंडळी उत्तरेच्या सोप्यात दक्षिणेकडे तोंड करून बसत आणि उन्हाळ्यात समोरच्या सोप्यात बिऱ्हाड हलवीत, त्याचे कारण पंचांगात शोधण्याची गरज नाही. ते या दोन फुटांत आहे. मात्र वाड्यात काम चालत असे ते थेट उन्हावर नव्हे. ऊन सज्जावर, वरच्या मजल्याच्या भिंतींवर पडायचे, तिथून उलटून समोरच्या भिंतीवर जायचे, आणि असे दोनतीन वेळा परतून सौम्य झाले म्हणजे सोप्यात उतरायचे. चौकाची काळ्या दगडाची फरसबंदी आणि शेणाने सारवलेली ओटी ही दोन्ही उजेड परत देण्यापेक्षा पिऊन टाकणारी. सारे काम करायच्या त्या चुन्याच्या पांढऱ्या भिंती. घाणीवर मळलेला, गूळ आणि बेलफळाचे पाणी घातलेला तो चुना गवंडी घोटून घोटून असा गुळगुळीत करीत की हात फिरवला तर संगमरवराचा भास व्हावा, आणि दसऱ्या-दिवाळीला त्यावर पुन्हा पांढरा हात फिरे. वर्षाचा हा रिवाज टाळला तर घर मळकट दिसे एवढेच नव्हे, ते खरोखरीच काळोखे होई.

पावसाचीही सोय याच चौकाने केलेली होती. तो सोप्याहून एक-दोन पायऱ्या खाली. पाखाड्यांवरून उतरलेल्या पागोळ्या त्यात पडायच्या आणि मोरीवाटे गटारात जायच्या. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्याचे पाणी जमिनीखालील नळांतून, जागोजाग उच्छ्वास बांधून, शहरात आणल्यावर मातबर वाड्यांच्या चौकांत हौद आले, आणि पाणी भरण्यासाठी घरच्या बायकांना दिंडीबाहेर पडण्याचे कारण उरले नाही. रात्री आभाळाला उघडा असलेला दगड लौकर निवतो, थंड झालेली हवा जड होऊन चौकाच्या तळाशी साचते आणि पहाटेपर्यंत सोप्यांत पसरते. वैशाखातही वाड्यात शिरताच गार वाटते ते म्हणून.

इथवर वाड्याची स्तुती झाली, आणि ती यथार्थच आहे. परंतु हा उजेड घरातील कोणाच्या वाट्याला किती येत असे, हे पाहिल्यावाचून स्तुती पुरी करणे अप्रामाणिकपणाचे होईल. मोठ्या वाड्याला दोन, तीन, क्वचित त्याहून अधिक चौक असत. वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी नाना फडणिसांनी बांधलेला वाडा सहा चौकी आहे. पहिला चौक सदरेचा. तिथे कारकुनांच्या बैठका, देणेघेणे, न्यायनिवाडा, आल्यागेल्यांची वर्दळ. म्हणून तो सर्वांत मोठा, सर्वांत कोरीव आणि सर्वांत उजेडाचा. दुसरा चौक कुटुंबाचा, त्याच्या आसपास देवघर, कोठी, जामदारखाना. आणि त्यापलीकडील लहानसा चौक मुदपाकखान्याचा, मोरीचा, गाईगुरांचा. जसजसे आत जावे तसतसा परका माणूस गळत जाई आणि तसतसा उजेडही कमी होत जाई. सोपा पहिल्या खणात, ओटी दुसऱ्यात, आणि माजघर त्याच्याही मागे, बाहेरच्या मुक्या भिंतीला पाठ लावून. चौकातून शिरलेला उजेड तिथवर पोचेतो त्याचा निव्वळ संशय उरलेला असे. माजघराला लागून बाळंतिणीची खोली, तिला बहुधा एकही खिडकी नाही. स्वयंपाकघराची दशा याहून वाईट, कारण तिथे भिंतीला चुना असला तरी चुलीच्या धुराने तो काही महिन्यांत काळा पडे, आणि काळी भिंत उजेड परत करीत नाही हे वर आलेच आहे. घरातील बायकांचा, विशेषतः सोवळ्यातील विधवांचा, दिवसाचा बहुतेक वेळ याच अर्ध्या काळोखात जाई. सदर वरून बघता यावी म्हणून माडीला जाळीचे झरोके ठेवलेले असत; म्हणजे त्यांना उजेडातील माणसे पाहण्याची मुभा होती, उजेडात बसण्याची नव्हती. वाड्याचा खासगीपणा आणि वाड्याचा प्रकाश या दोन गोष्टी आज एका दमात वाखाणल्या जातात; त्या काळी मात्र ज्याला खासगीपणा अधिक त्याला प्रकाश कमी, असाच हिशेब होता.

एवढा दोष दाखवूनही एक गोष्ट कबूल करावी लागते की हा हिशेब एकाच मालकाच्या, एकाच कुटुंबाच्या हातचा होता. चौक एकाचा होता तोवर तो उघडा राहिला. १८१८ नंतर पेशव्यांचा दफ्तरखाना बंद पडला, सरदारांची आणि फडावरच्या मंडळींची प्राप्ती आटली, आणि एवढाले वाडे राखायचे कशावर, हा प्रश्न उभा राहिला. शनिवारवाडा १८२८ साली आगीत सापडला आणि ती आग सात दिवस धुमसत राहिली. बुधवारवाडा १८७९ च्या मे महिन्यात जळाला, आणि त्याच वेळी विश्रामबागवाड्याचाही एक भाग. जे वाचले त्यांत नव्या काळाच्या संस्था शिरल्या. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती भिड्यांच्या वाड्यात. चिपळूणकर आणि टिळक यांनी २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले ते मोरोबादादांच्या वाड्यात. आणि पुढे १९०५ साली टिळकांनी गायकवाडांचा वाडा विकत घेतला, त्यात केसरीचे बिऱ्हाड कायमचे लागले. शाळेला वाडा मानवण्याचे कारण उघड आहे: उघड्या सोप्यात बसलेल्या मुलांना पाटीवरचे अक्षर दिसते आणि दिंडी लावून घेतली की रस्त्यावरची टवाळी आत येत नाही. मुलींच्या शाळेला त्या काळी ही दुसरी सोय पहिलीइतकीच मोलाची होती.

वाड्याच्या खासगीपणावर खरा घाला पडला तो १८९७ साली. प्लेगच्या बंदोबस्तासाठी आलेल्या रँडसाहेबाच्या हुकुमाने गोरे शिपाई घरोघर झडतीला शिरू लागले, आणि जिथे नातलग पुरुषही खाकरल्याशिवाय जात नसे त्या माजघरात आणि देवघरात बुटांसकट पावले पडली. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडला गोळी घातली त्यामागे अनेक कारणे होती. परंतु शहरात जो क्षोभ उसळला होता तो औषधाच्या सक्तीपेक्षा या उंबरठा ओलांडण्याविषयीचा अधिक होता, असे त्या वेळच्या तक्रारी वाचल्यावर वाटते. आता सरकारी वैद्यांचे म्हणणेही अगदीच खोटे नव्हते. बाहेरून बंद आणि आतून अंधाऱ्या अशा खोल्यांत उंदीर आणि क्षय दोघेही सुखाने राहतात. त्याच प्लेगमुळे मुंबईत १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने पुढे इमारतींना साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावला. समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक उंच भिंत नको, इतका त्याचा सोपा अर्थ. वर घेतलेल्या वीस फुटी चौकाला हा नियम लावून पाहिला तर तो सहज उत्तीर्ण होतो. वाड्याचा चौक नापास नव्हताच. नापास होती ती चौकापासून तीन खण आत ढकललेली खोली.

उपाय पुष्कळ सोपे होते आणि काही घरांनी ते केलेही. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढल्यावर ती तांबडी, एकसारखी कौले देशभर पसरली, आणि त्यांच्यात मधूनमधून बसवता येईल असे काचेचे कौलही मिळू लागले. स्वयंपाकघरावर असे एक कौल बसवले की चुलीपुढे बसलेल्या बाईच्या पाटापाशी दिवसभर उन्हाचा एक चौकोन सरकत राही. शेकडो वर्षांत मिस्तऱ्यांना न सुचलेली ही सुधारणा काही आण्यांत होत होती. न सुचलेली म्हणण्यापेक्षा, कोणी मागितलेलीच नव्हती म्हणणे अधिक खरे.

परंतु काचेचे कौल येईतो खुद्द चौकच बुजू लागला होता. वाटण्या झाल्या; चौकाची दोरी धरून मापणी झाली; एका भावाने आपल्या बाजूच्या सोप्याला फळ्या मारून खोली केली, दुसऱ्याने चौकात न्हाणी काढली, तिसऱ्याने पत्र्याची पाखी ओढून तिच्याखाली छापखान्याला जागा दिली. नोकरीसाठी आणि शिक्षणासाठी शहरात येणारे लोक भाडेकरू म्हणून शिरले, आणि एका कुटुंबाच्या वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडे झाली. तेव्हा एक विपरीत गोष्ट घडली. ज्या रचनेने घराला रस्त्यापासून लपवले होते तीच आता प्रत्येक बिऱ्हाडाला दुसऱ्या बिऱ्हाडापुढे उघडे करू लागली. कारण सर्व दारे चौकाकडे, आणि चौक सर्वांचा. कोणाकडे पाहुणा आला, कोणाच्या घरी कसली फोडणी पडली, कोणाची सून किती वाजता उठली, हे सगळे सार्वजनिक झाले. या उघडेपणाला एक गोड बाजू होती: १८९४ साली टिळकांनी विंचूरकरांच्या वाड्यात गणपती बसवला त्या सुमारापासून मेळे, कीर्तने, हळदीकुंकू, मुंजी हे सारे वाड्यांच्या चौकांतच साजरे झाले, आणि त्या आठवणींवर आमच्या वाङ्मयाचे पुष्कळ दिवस निभावले. तथापि आठवणी लिहिणारे बहुतेक पुरुष होते आणि चौकात खेळलेले होते, एवढे ध्यानात घेऊनच त्या वाचाव्यात.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. भाडेकरूला त्याने आसरा दिला हे खरेच. परंतु चार-पाच रुपये भाड्यात मालक कडीपाट बदलणार कुठून? तुळईला वाळवी, जोत्याला ओल, आणि दरवर्षीचा चुन्याचा हात बंद. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील मातीविटांचे वाडे पाण्यात अक्षरशः विरघळले. जे उंचावर राहिले ते पुढील तीन-चार दशकांत विकसकांनी उतरवले. नव्या बांधकाम-नियमांनी मोकळी जागा मागितली ती इमारतीच्या भोवती, आत नव्हे. त्यामुळे जी जमीन पूर्वी मधोमध उघडी राहून चहूकडच्या खोल्यांना उजेड देत असे ती चार पट्ट्यांत विभागून कुंपणालगत गेली, आणि तिथे आता मोटारी उभ्या असतात. आतल्या न्हाणीघरांना हवा मिळावी म्हणून जी अरुंद उभी पोकळी ठेवतात, तिला चौकाचा वंशज म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

अलीकडे धनिक मंडळी आपल्या बंगल्यांत पुन्हा चौक मागू लागली आहेत. वास्तुविशारद त्यावर काचेचे छत घालतात, मधे चाफा लावतात, आणि बाहेरच्या बाजूस उंच कोरी भिंत ठेवतात. रस्त्यावरचा गोंगाट आणि शेजारच्या दहाव्या मजल्यावरची नजर पाहता ही मागणी रास्तच आहे, मात्र काचेखाली उन्हाळ्यात चौकाची भट्टी होते एवढे त्यांना सांगावेसे वाटते. उघडा चौक रात्री निवतो, झाकलेला निवत नाही.

भिड्यांचा वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला गेला. मेणवलीचा नानांचा वाडा अजून उभा आहे, आणि वाईला जाणारे बहुतेक लोक घाटावरून तिथे डोकावतात. आपण जाल तेव्हा सदर पाहा, भित्तिचित्रे पाहा, चौकातून वर दिसणारे आभाळही पाहा. पण परतण्यापूर्वी एकदा आतल्या स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घ्या, आणि हातातले वर्तमानपत्र तिथे वाचता येते का ते पाहा.